रुग्णालयातील दिवस आणि विम्याचे स्वरूप



रुग्णालयाच्या कोणत्याही कक्षात सकाळची फेरी सुरू झाली, की डॉक्टरांना हमखास विचारला जाणारा एक प्रश्न असतो : “मला घरी केव्हा सोडणार?” या प्रश्नाचे उत्तर रोगाने द्यावे, अशी आपली समजूत असते. जखम भरली किंवा नाही, ताप उतरला किंवा नाही, रुग्ण आपल्या पायांनी चालू लागला किंवा नाही, यांवर ते ठरावे. बव्हंशी ते तसे ठरतेही. परंतु त्यात आणखी एका गोष्टीचा वाटा असतो. रुग्णाचे देयक कोण चुकते करणार आणि कोणत्या रीतीने, ही ती गोष्ट होय. आजच्या व्याख्यानात मी तिचाच विचार करणार आहे.

आपण अशी कल्पना करू, की शेजारशेजारच्या तीन खाटांवर तीन माणसे आहेत आणि तिघांवरही अंतर्गळाची एकच शस्त्रक्रिया झाली आहे. पहिला गवंडी आहे. त्याचा कोठलाही विमा नाही. खाटेवरील प्रत्येक दिवस त्याला दुहेरी महाग पडतो : रुग्णालयाचा खर्च वाढतो आणि मजुरीही बुडते. डॉक्टरांनी आणखी एक दिवस थांबण्यास सांगितले, तरी तो घरी जाण्याची घाई करील. दुसरा एका कचेरीतील कारकून आहे. त्याच्यापाशी मेडिक्लेम पद्धतीची विमापत्रिका आहे. हा विमा आपल्याकडे १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी सुरू केला. रुग्ण किमान २४ तास रुग्णालयात दाखल असला पाहिजे, ही त्यातील एक मूळ अट होती. ज्याला संध्याकाळी घरी जाता आले असते, तोही या अटीपायी रात्रभर खाट अडवून राहू शकतो. पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, रक्तशुद्धीकरण यांसारख्या उपचारांना या अटीतून सूट देण्यात आली, ती याच कारणाने.

तिसरा गिरणी कामगार आहे. १९४८ च्या कायद्याने निर्माण झालेल्या आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे प्रथम अमलात आलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेचा तो सदस्य आहे. त्याला औषधोपचार तर मिळतातच, शिवाय आजारपणाच्या काळात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ताही मिळतो. त्याला घाई नसते. याला कोणी आळस म्हणू नये. गवंड्याला जी विश्रांती परवडत नाही, ती कामगाराला परवडते, एवढाच याचा अर्थ.

रोग एकच, परंतु मुक्काम तीन प्रकारचे. येथवर आपण रुग्णाच्या बाजूने पाहिले. आता रुग्णालयाच्या बाजूने पाहू.

रुग्णालयाला प्रत्येक दिवसाचे वेगळे पैसे मिळत असतील, तर वाढलेला दिवस त्याच्या लाभाचा ठरतो. संपूर्ण आजारासाठी एकच ठोक रक्कम मिळत असेल, तर तोच वाढीव दिवस तोट्याचा होतो. अमेरिकेत या दोन्ही अवस्था थोड्या काळाच्या अंतराने पाहावयास मिळाल्या. तेथे १९६५ साली वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ हा सरकारी विमा स्थापन झाला. प्रारंभी रुग्णालयाला जो खर्च येई, तो त्याला भरून मिळे. येल विद्यापीठातील रॉबर्ट फेटर व जॉन थॉम्पसन यांनी रोगनिदानानुसार रुग्णांचे गट पाडण्याची पद्धत सिद्ध केली होती. तिच्या आधारे १९८३ पासून प्रत्येक गटासाठी आधीच निश्चित केलेली रक्कम देण्यास सुरुवात झाली.

परिणाम त्वरित दिसला. पाच राज्यांतील सुमारे १४,००० वृद्ध रुग्णांची पाहणी १९९० साली प्रसिद्ध झाली. तीत मुक्काम जवळजवळ एक चतुर्थांशाने घटल्याचे आढळले. मृत्यूचे प्रमाण मात्र वाढले नव्हते. याचा अर्थ असा, की पूर्वीचे बरेच दिवस अनावश्यक होते. परंतु त्याच पाहणीत दुसरीही गोष्ट दिसली : प्रकृती पुरती स्थिरावण्यापूर्वीच घरी पाठविलेल्या रुग्णांचे प्रमाण वाढले होते. म्हणजे काटछाट करणाऱ्या हाताने फोलाबरोबर थोडे धान्यही टाकून दिले होते.

पुढे बाळंतिणींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र झाला. काही विमा कंपन्या प्रसूतीनंतर एका दिवसापलीकडे खर्च देईनात. अखेर १९९६ साली तेथील संसदेला कायदा करावा लागला. नैसर्गिक प्रसूतीनंतर ४८ तास आणि शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीनंतर ९६ तास यांहून कमी मुक्कामाचे बंधन विम्याने घालू नये, असे त्याने ठरविले. खाटेवरील तासांची गणती कायद्याच्या पुस्तकात शिरावी, यावरून पैशाच्या रेट्याची कल्पना येईल.

आपल्या देशात २०१८ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत या दोन्ही रीती एकत्र नांदतात. शस्त्रक्रियेसाठी बहुधा ठोक रक्कम ठरलेली असते, तर औषधोपचाराच्या अनेक आजारांसाठी दर दिवसाच्या हिशेबाने पैसे दिले जातात. अर्थात एकाच रुग्णालयात एका खाटेवर दिवस आखडण्याचा मोह, तर शेजारच्या खाटेवर तो लांबविण्याचा मोह संभवतो.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. दोन प्रकारच्या विमेदारांचे सरासरी दिवस वेगळे आले, की सारा दोष विम्याच्या माथी मारण्याचा मोह होतो. तसे करणे चुकीचे आहे. गरीब रुग्ण पुष्कळदा उशिरा, आजार बळावल्यावर येतो. वृद्धाला बरे होण्यास अधिक वेळ लागतो. ज्याचे गाव दूर आहे किंवा ज्याच्या घरी शुश्रूषेला कोणी नाही, त्याला डॉक्टरही सहजी सोडत नाहीत. जपानमध्ये १९७३ साली वृद्धांचे उपचार निःशुल्क झाले, तेव्हा घरी सांभाळ होऊ न शकणारे कितीतरी वृद्ध दीर्घकाळ रुग्णालयांतच राहू लागले. घरच्या शुश्रूषेसाठी स्वतंत्र विमा तेथे २००० साली आला. तेव्हा तुलना करावयाची, तर ती समान वयाच्या, समान आजाराच्या आणि समान परिस्थितीच्या रुग्णांमध्येच केली पाहिजे.

मग योग्य मुक्काम कोणता? अल्प मुक्काम म्हणजे कार्यक्षमता नव्हे आणि दीर्घ मुक्काम म्हणजे आस्थाही नव्हे. घरी गेलेला रुग्ण पुन्हा किती दिवसांत परत आला, हे मोजल्याखेरीज रुग्णालयातील दिवसांच्या आकड्याला अर्थ नाही. विम्याचा पैसाही रुग्णालयाच्या दारापाशी थांबू नये. जन आरोग्य योजनेत घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांच्या औषधांची तरतूद आहे, ती या दृष्टीने उचित होय. आणि डॉक्टरांनी सकारण लिहून दिल्यास आणखी एक दिवस देण्याची वाट प्रत्येक योजनेत मोकळी असली पाहिजे.

विमा निर्माण झाला तो त्या गवंड्याची घाई टळावी म्हणून. “मला घरी केव्हा सोडणार?” असे तो विचारील, तेव्हा डॉक्टरांना त्याच्या जखमेकडे पाहून उत्तर देता आले पाहिजे, त्याच्या कागदपत्रांकडे पाहून नव्हे.