यंत्राचा अदमास



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे; पुढचे गेटसभांत आणि रात्रीच्या वाचनात झाले. पण आमच्या युनियनच्या वर्गणीच्या दहा लाख नोंदी आज संगणकात आहेत. ग्रॅच्युइटीच्या तारखेच्या आदल्या रात्री करवीर तालुक्याची यादी मागितली, ती लवकर मिळेना. कामगार दारात ताटकळत बसले. असे का झाले, ते शोधले. तेच आज सांगतो.

पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. शब्द दोनच पानांवर असेल तर सूची कामाची. तोच शब्द पानोपानी असेल तर सूची व पाने यांत मागेपुढे करण्यापेक्षा पुस्तक सरळ वाचलेले बरे. संगणकापुढे हाच पेच असतो. आणि किती नोंदी जुळतील हे त्याला शोधण्याआधीच अदमासाने ठरवावे लागते. 1979 साली आयबीएमच्या पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत मांडली. माहिती हाती नसेल तर बरोबरीच्या अटीला दहांत एक नोंद जुळेल, असे त्यांनी धरले. आजची 'पोस्टग्रेस' ही व्यवस्था, आपण वेगळे न सांगितल्यास, मोठ्या तक्त्यातून 30,000 ओळींचा नमुना घेते आणि कोणती नावे वारंवार येतात ते टिपून ठेवते.

मग चूक कोठे? अटी दोन असल्या की यंत्र त्यांचे हिस्से गुणते. जणू त्यांचे एकमेकींशी नातेच नाही. आमच्या नोंदींत कोल्हापूर जिल्हा विसांत एक, करवीर तालुका पंचविसांत एक. गुणाकार पाचशेंत एक, म्हणजे 2,000 नोंदी. प्रत्यक्षात निघाल्या 40,000! यंत्राने थोडे काम समजून सूची धरली आणि ते पाने उलटीत बसले. उत्तर चुकले नाही, वेळ गेला. पण तारीख हुकली तर कामगाराचे महिने जातात.

उपाय आहे. या दोन रकान्यांचे नाते आहे, असे सांगण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये 2017 पासून आहे. सांगून पुन्हा मोजणी करवली की अदमास सुधारतो. मात्र यंत्र ते आपण होऊन ओळखीत नाही.

करवीर कोल्हापुरातच आहे, हे आमच्या कचेरीतला पोऱ्याही सांगता. त्याला कोणी विचारले नव्हते. मंडळी, हिशेब यंत्राने करावा. पण काम करणाऱ्याला जे ठाऊक आहे, ते आधी विचारून घ्यावे. इतकेच आमचे सांगणे आहे.