वैशाखातली ओल

बाहेर वैशाखाचं ऊन आहे, खळ्यात आमसुलं वाळतायत आणि मी आज तुमच्याशी बोलणार आहे बुरशीबद्दल. वेळ चुकल्यासारखी वाटेल. आपल्याला बुरशी आठवते ती श्रावणात, कपाट उघडल्यावर कुबट वास आला की. नाहीतर गणपतीच्या आठ दिवस आधी, मखर उभं करायच्या भिंतीवर काळे ठिपके दिसले की. मग धावाधाव होते, रंगाचा डबा येतो, ओल्या भिंतीवरच हात मारला जातो. गौरी-गणपती निभावून जातात आणि पुढच्या वर्षी ठिपके त्याच जागी हजर. भिंतीची ओल काढायचे दिवस श्रावणातले नाहीतच. ते आत्ताचे आहेत, म्हणून आत्ता बोलतेय.

आमचं घर रत्नागिरीजवळ, जांभ्या चिऱ्याचं. माजघराची एक भिंत स्वयंपाकघराच्या मागच्या अंगाला येते. त्या भिंतीने आम्हाला तीन वर्षं दमवलं. पहिल्या वर्षी पुसून रंग दिला. दुसऱ्या वर्षी बुरशी धरत नाही म्हणून सांगितलेला महागाचा रंग दिला. तिसऱ्या वर्षी गिलावा खरवडून नवा केला. दर वेळी आषाढ संपेपर्यंत भिंत छान दिसायची आणि मग कमरेच्या खाली एक आडवा पट्टा काळवंडायला लागायचा. त्याच भिंतीला माझ्या मुलीचा पलंग होता. तिचा खोकला पावसाळाभर जायचा नाही आणि आम्ही तो पावसाचा खोकला म्हणून सोडून द्यायचो. याची मला आजही खंत वाटते. ओलसर, बुरशी धरलेल्या घरात दमा आणि श्वासाचे विकार बळावतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. घरात दम्याचं माणूस असेल, लहान मूल असेल, तर भिंतीवरचा काळा ठिपका हा नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही.

आमची चूक अशी झाली की आम्ही डागाकडे बघत राहिलो, पाण्याकडे बघितलंच नाही. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, तुमच्या-माझ्या घरात आत्ता या क्षणीही आहेत. ते कुणालाच हाकलता येत नाहीत. खायला त्यांना फार लागतही नाही: भिंतीवरची धूळ, रंगातला चिकटपणा, लाकूड, कागद, चामडं, काहीही चालतं. अडतं ते एकाच गोष्टीवाचून, ओलीवाचून. आपल्या हातात तेवढी एकच दोरी आहे.

ओल कुठून येते हे भिंत सांगत असते. जमिनीतून चढणारी ओल खालून वर येते आणि बहुतेकदा कमरेच्या आसपास एक आडवी रेघ सोडून थांबते. वरून, म्हणजे स्लॅबमधून किंवा कौलांतून झिरपणारी ओल छताखाली पिवळट कडांचे डाग पाडते, नकाशातल्या बेटांसारखे. भर मे महिन्यातही एखादा चट्टा ओला राहत असेल तर पलीकडे न्हाणीघर आहे का, भिंतीतून नळ गेलाय का, ते बघायचं. आणि जे ठिपके कोपऱ्यात, कपाटामागे, पलंगाच्या डोक्याशी येतात, त्यांचं पाणी भिंतीतलं नसतंच. ते खोलीतल्या हवेतलं असतं. शंका आली तर हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, पाणी धरलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीच्या बाजूला धरलं तर हवेतून. पांढरी भुकटी दिसली म्हणून मात्र घाबरू नका. तो बहुतेक वेळा लोणा असतो, भिंतीतल्या क्षारांचा. पाण्याचा थेंब टाकलात की विरघळतो. बुरशी विरघळत नाही. पण लोणासुद्धा हेच सांगतो की भिंतीतून पाणी फिरतंय.

आमच्या भिंतीवरची आडवी रेघ पहिल्या वर्षापासून सांगत होती. ती वाचली आमच्या सासूबाईंनी. त्या चौथ्या वर्षी मागीलदारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अळू इथं कोणी आणलं?" कोकणात मोरीचं पाणी अळवाला सोडतात, हे इथल्या श्रोत्यांना सांगायला नको. सासूबाईंच्या वेळी ते पोफळीच्या पन्हळीतून पंधरा पावलं लांब जायचं. आम्ही स्वयंपाकघर नवं केलं, बेसिन बसवलं, तेव्हा पाइप तोकडा पडला म्हणून अळवाचं अळं भिंतीच्या कुशीत आलं. वर्षानुवर्षं माती टाकून टाकून ते जोत्याच्याही वर चढलं. जांभा सच्छिद्र असतो, वातीने तेल ओढावं तसा पाणी ओढतो. उन्हाळ्यात ते पाणी वाळून जायचं, म्हणून दिसायचं नाही. पावसात वाळायला वाव राहत नाही. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत.

त्या मे महिन्यात आम्ही अळू उपटलं, माती जोत्याखाली वीतभर उतरवली, पाइप लांब नेला आणि त्या बाजूला पागोळ्या पडतात तिथे उताराचं गटार बांधलं. भिंतीचा भिजलेला गिलावा काढून ती दसऱ्यापर्यंत तशीच उघडी ठेवली. जाड भिंत आतून वाळायला महिने लागतात, आणि वाळण्याआधी दिलेला प्रत्येक रंग ओल आत कोंडून ठेवतो. गणपतीला पाहुणे आले तेव्हा उघडे चिरे बघून जीव कसनुसा झाला, पण धीर धरला. नंतर चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी केली. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशी तग धरत नाही. हा गुण हळूहळू ओसरतो, म्हणून पूर्वी दरवर्षी सफेदी होत असे. त्या रिवाजामागे हे कारण होतं.

आता हवेतल्या ओलीबद्दल, कारण मुंबईत, पणजीत, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा त्रास बहुतेक तोच असतो. कौलारू घरात हवा फटीफटींतून वर निघून जायची. चुलीच्या धगीने माळा कोरडा राहायचा. आता वर स्लॅब, खिडक्या सरकत्या, म्हणजे उघडली तरी अर्धीच, आणि भिंतींना तेलकट रंग. घरातलं पाणी मात्र कमी झालं नाही, वाढलं. स्वयंपाकाचा गॅस जळताना पाण्याची वाफ होते. एक किलो गॅसमागे साधारण दीड किलोहून थोडं अधिक पाणी. म्हणजे १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत आपण स्वयंपाकघराच्या हवेत वीस लिटरांहून जास्त पाणी सोडलेलं असतं, आणि भाताच्या, डाळीच्या वाफा वेगळ्याच. त्यात पावसाळ्यात बेडरूममध्ये दोरी बांधून वाळत घातलेले कपडे. ते पाणी जातं कुठे? खोलीतल्या सगळ्यांत थंड जागी, कपाटामागच्या भिंतीवर.

एसी लावणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, आणि पावसाळ्यात हे नेहमीचंच आहे, तर २६ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरायला लागतं. वीस अंशांवर खोली गार करून मग खिडकी उघडली की भिंतीला घाम फुटतो. एसी चालू असताना खिडक्या बंद, आणि तापमान थोडं वरचं.

म्हणून पावसात कपडे पंख्याखाली एकाच खोलीत वाळत घाला, तिचं दार लावा, खिडकी उघडी ठेवा. शिजताना झाकण आणि बाहेर हवा फेकणारा पंखा. न्हाणीघरातला पंखा आंघोळीनंतर अर्धा तास तरी चालू द्या. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. एवढ्या एका गोष्टीने कितीतरी घरांचा त्रास निम्मा झालेला मी पाहिला आहे. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. साठच्या खाली राहिली तर उत्तम, पावसाळ्यात ते सगळीकडे साधत नाही, पण पंच्याहत्तरच्या वर दिवसेंदिवस राहू देऊ नका. डांबराच्या गोळ्या कपाटात जरूर ठेवा, पण त्या कसरीसाठी. ओल त्या शोषत नाहीत.

आलेली बुरशी पुसताना कोरड्या ब्रशने कधीही घासू नका, बीजाणू घरभर उडतात. नाकातोंडाला मास्क, हातात मोजे, आधी ओल्या फडक्याने टिपून घ्या, मग साबणाच्या पाण्याने घासा आणि लगेच पंख्याने पूर्ण सुकवा. मेलेली बुरशीही दम्याच्या माणसाला त्रास देते, म्हणून नुसती मारून भागत नाही, काढावी लागते. ब्लीचचा वापर टाइल्सवर ठीक आहे. गिलाव्यात ते वरचा काळा रंग घालवतं आणि त्यातलं पाणी आत मुरतं. आणि एक गोष्ट फार कळकळीने सांगते: ब्लीचमध्ये न्हाणीघराचं ॲसिड किंवा अमोनिया असलेला क्लीनर कधी मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो, बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

सासूबाई आता नाहीत. वैशाखात त्या घरातलं सगळं खळ्यात काढायच्या: गाद्या, गोधड्या, पेट्या, पोथ्या, फडताळातल्या फळ्यासुद्धा. दिवसभर ऊन खाऊ द्यायच्या आणि संध्याकाळी गरम वस्तू थंड झाल्यावरच आत घ्यायच्या. मीही काल तेच केलं. उद्या शिडी लावून पन्हळीतला पाचोळा काढायचाय, कौलं चाळायला माणूस सांगितलाय. मृगाला तीन आठवडे आहेत. माजघराच्या भिंतीवर हात ठेवून बघितला, कोरडी आहे. अळू विहिरीपलीकडे चांगलं पोसलंय.