बुधवारची दुपार

नेदरलँड्समध्ये एका क्रेडिटमागे २८ तासांचा अभ्यास धरतात. वर्षाचे पूर्ण क्रेडिट ६०, म्हणजे १६८० तास. जवळजवळ पूर्णवेळ नोकरीच! मी एमबीएला नाव घातलं तेव्हा नोकरी होती, घरात दोन लहान मुलं होती, आणि हा गुणाकार मी केलाच नव्हता.

इथल्या बऱ्याच प्राथमिक शाळा बुधवारी लवकर सुटतात. त्या दुपारी मी सुट्टी घ्यायचो, पण लॅपटॉप उघडाच. एकदा लेकीने विचारलं, "बाबा, परीक्षा संपली की तू घरी येशील ना?" मी तिच्या शेजारीच बसलो होतो.

त्या सत्रात मी एक विषय पुढे ढकलला. पदवी सहा महिने उशिरा मिळाली. आजवर कुणी त्याचं कारणही विचारलेलं नाही.

तुम्ही प्रवेश घेणार असाल, तर आधी क्रेडिटला २८ ने गुणा, आठवड्यांनी भागा. मग जोडीदारासोबत बसून ठरवा, हे तास कुणाच्या वाटणीतून येणार? आणि बुधवारची दुपार त्या हिशेबात धरू नका. ती मुलांची आहे.