घुमट आणि चुना

श्रोतेहो, औंढ्याच्या नागनाथाच्या देवळाचा कोरीव पाया आपण पाहिला असेलच. आता जरा खुलताबादेस चला. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ साली वारले. त्यांचा दर्गा तिथं आहे. गावातच १६२६ साली वारलेल्या मलिक अंबरचा मकबराही. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसतो कसा? कोपऱ्यांत कमानी टाकून आधी चौकोनाचा अष्टकोन करायचा, मग वर घुमट चढवायचा. गुरुजी, मुलांकडून हे मातीत करून घ्या. भूमितीचा तास वाया जाणार नाही! सांधे मात्र चुन्याचे. चुना ओल घेतो नि सोडतो. सिमेंट ती कोंडून धरतं, मग दगडाचे पापुद्रे सुटतात. आपल्या गावच्या जुन्या दर्ग्याच्या डागडुजीला सिमेंटची गोणी आली, तर ती फोडण्याआधी पंचांना एवढं सांगा.