पाच घरांचा शब्द



आज आपण एक खेळ खेळू. त्याला पत्ते नकोत, सोंगट्या नकोत. पाटी आणि खडूचा तुकडा असला की झाले. पाटीवर ओळीने पाच घरे काढा. शेवटच्या तीन घरांत इंग्रजी अक्षरे लिहा : आय, टी, ई. पहिली दोन घरे रिकामी ठेवा. आता सांगा बरे, असे इंग्रजी शब्द कोणते?

एक चटकन सुचतो : व्हाइट, म्हणजे पांढरा. रिकाम्या घरांत डब्ल्यू आणि एच. दुसरा राइट, म्हणजे लिहिणे. तिथे डब्ल्यू आणि आर. मग स्पाइट, क्वाइट, युनाइट. थोडा धीर धरलात तर एलीट आणि स्वीटही सापडतील. हा स्वीट म्हणजे गोड नव्हे हं, हॉटेलातला खोल्यांचा संच! या दोघांचा शेवट डोळ्यांना तोच, पण कानाला निराळा. दोघेही फ्रेंचमधून आले आणि येताना उच्चार बरोबर घेऊन आले.

मी या खेळाकडे वळलो त्याला कारण घडले. काही वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या एका मुलीची वही तपासत होतो. 'हॅव' हा शब्द तिने सगळीकडे एच-ए-व्ही असा लिहिला होता आणि 'गिव्ह' जी-आय-व्ही. मी प्रत्येकाभोवती तांबडे वर्तुळ काढीत गेलो. ती म्हणाली, "सर, ऐकू आलं तेवढंच लिहिलं. शेवटचा ई कुठं ऐकू येतो?"

एम. ए. झालेला मी! पण मला उत्तर आले नाही. "ते तसंच असतं, पाठ कर," एवढे म्हणून मोकळा झालो. पुढे पुढे तिच्या वहीत शब्दांच्या जागी कोऱ्या जागा दिसू लागल्या. स्पेलिंगची खात्री नसली की ती तो शब्द लिहीतच नसे.

उत्तर होते, श्रोतेहो. जुन्या इंग्रजी लिखाणात यू आणि व्ही ही दोन वेगळी अक्षरे मानीत नसत. एकाच अक्षराची ती दोन वळणे. सहसा शब्दाच्या आरंभी एक वळण, पुढे दुसरे. मग शब्दाच्या शेवटी हे अक्षर आले, तर ते स्वर म्हणून वाचायचे की 'व्ह' म्हणून? त्यापुढे ई दिसला की वाचणाऱ्याने समजावे, हा व्ह आहे. सतराव्या शतकात ही अक्षरे हळूहळू वेगळी झाली, पण तो ई राहिला तो राहिलाच. लग्न आटोपले तरी मांडव उभा, तसे झाले. म्हणून हॅव, गिव्ह, लव्ह, लिव्ह हे सारे चार अक्षरी, आणि साऱ्यांच्या शेवटी ई.

क्यूचेही असेच. 'क्वीन', म्हणजे राणी, हा शब्द जुने इंग्रज सी आणि डब्ल्यू जोडून लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी तिथे क्यू आणि यू आणून बसवले. तेव्हा पाटीवरच्या पहिल्या घरात क्यू आला, की दुसरे घर कोणाला न विचारता भरावे.

अक्षरांच्या अशा सवयींवर मोठमोठे खेळ उभे राहिले आहेत. अमेरिकेतील आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजली आणि त्या हिशेबाने एक खेळ बसवला. तोच पुढे 'स्क्रॅबल'. त्याच्या १०० ठोकळ्यांत ई आहेत १२ आणि क्यू अवघा एक. म्हणून ईला एक गुण, तर क्यूला १०. एस मात्र चारच आहेत, नाहीतर जो तो दुसऱ्याच्या शब्दाला एस चिकटवून अनेकवचन करीत बसला असता! २०२१ मध्ये जॉश वॉर्डल यांचा 'वर्डल' आला. पाच अक्षरांचा शब्द, सहा प्रयत्न. अक्षर बरोबर घरात पडले तर हिरवे, शब्दात असून घर चुकले तर पिवळे. आपली मुलेही तो मोबाइलवर खेळतात. पण पाटीवर तो तितकाच रंगतो, आणि तिथे सारा वर्ग एकदम खेळतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या मुलाची अडचण जरा निराळी आहे. मराठी शब्दकोड्यात काना, मात्रा, जोडाक्षर, सारे एकाच घरात मावते. 'स्ट्रेंग्थ' हा शब्द आपल्या दोन घरांत बसतो. इंग्रजीत त्याला आठ घरे लागतात, आणि त्या आठांत स्वर एकच! मूल कानाने ऐकून लिहिते ते आपल्या लिपीच्या शिस्तीने लिहिते. (ऱ्हस्वदीर्घाचा जाच आपल्याकडेही आहे, ते सोडा.) २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे, तेव्हा ही गाठ आता सहाव्या वर्षीच पडते. त्या वयात तांबड्या वर्तुळापेक्षा रिकामे घर बरे. चुकलेले अक्षर पुसून दुसरे लिहिता येते आणि शेजारच्या बाकावरून कोणीतरी सुचवतेही.

ती मुलगी पदवी घेऊन गेली. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले ते त्यानंतर.

आता पाटी पुसू नका. क्वाइट या शब्दाची पाच अक्षरे आहेत तशीच ठेवा. फक्त शेवटच्या दोघांची घरे बदला. जो शब्द तयार होईल, तो वर्गात गलका झाला की गुरुजी दिवसातून दहादा उच्चारतात. कोणता तो, मुलांना विचारून पाहा.