पाळलेला चित्ता आणि पळणारा चित्ता



आजचा विषय चित्ता आहे हे वाचून आपल्यापैकी काहींना बिबट्याची आठवण झाली असेल. उसाच्या फडात बिबट्या दिसला की ‘चित्ता आला’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धतच पडून गेली आहे. तेव्हा प्रथम हा घोटाळा मिटवू या. बिबट्याच्या अंगावर पाकळ्यांच्या वर्तुळांसारखे ठसे असतात. चित्त्याच्या अंगावर भरीव काळे ठिपके. बिबट्या अंगाने भरलेला, झाडावर सहज चढणारा. चित्ता लांब पायांचा, बारीक कमरेचा, शिकारी कुत्र्याच्या बांध्याचा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून तोंडापर्यंत उतरलेली काळी रेघ ही त्याची खूण. पाहणाऱ्याला वाटावे, हा नुकताच रडून आला आहे. त्याच्या नख्या मांजराप्रमाणे पुरत्या आत जात नाहीत. धावताना त्या जमीन धरतात. आणि हा प्राणी डरकाळी फोडत नाही. खूश झाला म्हणजे मांजरासारखा घुरघुरतो.

ह्या घुरघुरण्यानेच त्याचा घात केला, असे आम्ही म्हटले तर ती अतिशयोक्ती वाटेल. पण थोडे ऐकून घ्या. वाघाला कुरवाळायला कोणी जात नाही. चित्ता मात्र माणसाळतो, आणि माणसाळणाऱ्या जनावराला मनुष्य मोकळे सोडीत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रमंडळी दक्षिण आफ्रिकेच्या प्रवासात एका चित्ता-केंद्रात गेलो होतो. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी केंद्रे त्या देशात अनेक आहेत. कुंपणाबाहेरून पाहण्याचे शुल्क एक, आत जाऊन हात लावण्याचे शुल्क दुसरे, आणि अर्थात अधिक. आपल्या जबाबदारीवर आत जात आहोत अशा कागदावर आम्ही सह्या केल्या. मग सूचना झाल्या: खाली वाकू नका, पळू नका, लोंबणारे कपडे काढून ठेवा, समोरून जाऊ नका, डोक्याला व पंजांना हात लावू नका. चार-चारांच्या टोळीने आत गेलो. चित्ता सावलीत लवंडला होता. त्याचे केस मखमली असतील अशी आमची कल्पना. प्रत्यक्षात ते राठ निघाले. पाठीवर तळहात टेकवला तेव्हा त्याची घुरघुर हाताला लागली, पिठाची गिरणी लांबून चालू असावी तशी. पाच मिनिटे झाली, छायाचित्रे झाली, पुढची टोळी आली.

बाहेर पडताना आमच्यातील एकाने रखवालदाराला विचारले, “हा आला कोठून?” तो म्हणाला, “येथेच जन्मला. काही दिवसांचा असल्यापासून बाटलीवर वाढवला.” “मग रानात कधी सोडणार?” तो म्हणाला, “ह्याला सोडता येत नाही. शिकार कशी करायची, हे त्याला कोणी शिकवलेलेच नाही.”

श्रोतेहो, ही गोष्ट आपल्या देशाला शतकानुशतके ठाऊक होती. चित्त्याच्या साहाय्याने काळविटाची शिकार करण्याचा शौक आपल्याकडे जुना. छकड्यात बसवून, डोळ्यांवर टोपी चढवून चित्त्याला माळावर नेत. कळप टप्प्यात आला की टोपी काढून सोडून देत. पण ह्या कामासाठी कोणी पिल्लू धरून वाढवीत नसे. आईपाशी शिकून तयार झालेलाच चित्ता रानातून पकडावा लागे. कारण शिकवणारी शाळा एकच, ती म्हणजे आई. जहांगीर बादशहा आपल्या आठवणींत लिहितो की, अकबराने आयुष्यभरात नऊ हजार चित्ते जमवले होते. आणि त्याच आठवणींत, पाळीव चित्तीला पिल्ले झाली, ही गोष्ट त्याने नवल म्हणून नोंदवून ठेवली आहे. नवलच ते. बंदिवासात चित्त्याला पिल्ले झाल्याची पुढची नोंद १९५६ सालची आहे, तीही अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली!

ह्याचा अर्थ काय? दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून वजा झालेला होता, आणि त्याच्या जागी नवा जन्मत नव्हता. आमच्या कोल्हापुरास चित्ते होते, त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते, आणि त्यांच्या मायेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण विसाव्या शतकात त्याच कोल्हापूरला आफ्रिकेतून चित्ते आणवावे लागले. माळराने नांगराखाली गेली, काळवीट कमी झाले, बंदुका वाढल्या, ही कारणेही खरीच. तथापि पाळणाऱ्या हाताचा वाटा त्यात लहान नव्हता. १९४७ साली कोरियाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले, ते आपल्याकडचे शेवटचे ठरले. १९५२ साली चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे सरकारने जाहीर केले.

आता आफ्रिकेतील केंद्रांची बाजूही ऐकली पाहिजे. एकतर्फी निकाल देणे न्यायाचे नाही. प्रिटोरियाजवळ डी विल्ड्ट येथे १९७१ साली अ‍ॅन व्हॅन डाइक ह्या बाईंनी आपल्या शेतावर चित्त्यांचे केंद्र काढले. नर व मादी वेगळे ठेवून योग्य वेळीच त्यांची गाठ घालण्याची युक्ती त्यांना साधली, आणि जे बादशहांना जमले नाही ते तेथे झाले; शेकडो पिल्ले जन्मली. नामिबियात लॉरी मार्कर ह्या बाईंनी १९९० साली चित्ता-संरक्षणाची संस्था स्थापली. तेथील बहुतेक चित्ते अभयारण्यात राहत नाहीत, खाजगी शेतांच्या रानांत राहतात. शेळी-मेंढी गेली की शेतकरी चित्त्याला गोळी घाली. बाईंनी शेतकऱ्याला उपदेश केला नाही. १९९४ पासून त्याला कुत्रा दिला. आपल्या धनगराच्या वाड्यावर असतो तसा, पण अंगाने थोर, तुर्कस्तानच्या मेंढपाळांच्या जातीचा. पिल्लू असतानाच त्याला कळपात ठेवतात. मेंढ्यांनाच तो आपले गोत मानतो. तो भुंकत पुढे झाला की चित्ता माघार घेतो, कारण दुखापत झालेला चित्ता धावू शकत नाही, आणि धावू न शकणारा चित्ता उपाशी मरतो. मेंढी वाचली, चित्ताही वाचला. अशा कामांना पैसा लागतो. पाहुण्यांच्या शुल्कातून तो येत असेल, तर त्याला नावे कशी ठेवावी?

मात्र नाण्याला दुसरी बाजू आहे. हाताळायचे पिल्लू हवे, तर ते लहानपणीच आईपासून काढावे लागते. वर्षाच्या आत ते मोठे होते, मांडीवर मावत नाही. मग दुसरे आणावे लागते. पहिल्याचे काय? सिंहांच्या बाबतीत ह्याचे उत्तर २०१५ सालच्या ‘ब्लड लायन्स’ ह्या बोलपटाने जगापुढे मांडले: लहानपणी पाहुण्यांनी बाटलीने दूध पाजलेले छावे मोठेपणी कुंपणातल्या शिकारीसाठी विकले जात. २०१९ साली तेथील प्रवासी-व्यावसायिकांच्या संघानेच, हिंस्र श्वापदांना पाहुण्यांनी हात लावण्याचे प्रकार टाळावेत, अशी शिफारस केली. माणसाळलेला चित्ता बिनधोक असतो हाही भ्रमच. २०१२ साली पोर्ट एलिझाबेथजवळच्या एका उद्यानात अशाच माणसाळलेल्या चित्त्यांनी एका परदेशी बाईंना जखमी केले.

आणखी एक गोष्ट. पिल्लाला मांडीवर घेतलेले छायाचित्र घरोघर पोचते आणि पाहणाऱ्याला वाटते, आपल्याकडेही एक असावे. सोमालिया-इथिओपियाच्या बाजूने चोरलेली पिल्ले समुद्रापलीकडे आखातातील श्रीमंतांकडे जातात. वाटेतच अनेक मरतात. संयुक्त अरब अमिरातीने २०१६ साली असे प्राणी घरी पाळण्याविरुद्ध कायदा केला, तरी हा व्यापार संपलेला नाही. साऱ्या जगात रानातले चित्ते उरले आहेत सुमारे सात हजार. एखाद्या लहानशा तालुक्याच्या गावाची वस्तीही ह्याहून मोठी असते! हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो. येथे मोल आहे, आणि ते चित्ता देतो.

तेव्हा आपल्यापैकी कोणी अशा केंद्रात गेले, तर दाराशी तीन प्रश्न विचारावेत. हे जनावर आले कोठून? मोठे झाल्यावर जाणार कोठे? आणि आमच्या पैशातून रानातल्या चित्त्यासाठी काय होते? उत्तरे सरळ मिळाली तर अवश्य आत जावे. टाळाटाळ झाली तर परतावे. आणि लहान पिल्लू हातात द्यायला कोणी पुढे आला, तर प्रश्नही विचारू नयेत. हात मागे घ्यावा.

हात न लावताही आनंद मिळतो का, असे आपण विचाराल. नामिबियातील त्या संस्थेत पाहुण्यांच्या हाती पिल्लू देत नाहीत. चित्ता धावताना दाखवतात. जमिनीवर दोरी, दोरीला चिंधी, आणि ती ओढणारे यंत्र. रानात न जाऊ शकणाऱ्या चित्त्यांना तोच व्यायाम. सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयातील सारा नावाची चित्ती २०१२ साली शंभर मीटर ५.९५ सेकंदांत धावली होती, एवढे सांगितले म्हणजे त्या धावेची कल्पना येईल. चारही पाय एकदम अधांतरी, शेपूट सुकाणूसारखी, पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो! घुरघुरणारा चित्ता माणसाचा असतो. धावणारा त्याचा स्वतःचा.

हा प्रश्न आता दूर आफ्रिकेचा राहिलेला नाही. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्यप्रदेशातील कुनो येथे आणले गेले. मार्च २०२३ मध्ये तेथे चार पिल्ले जन्मली. मे महिन्याच्या उन्हाळ्यात तीन दगावली. उरलेल्या एकीला माणसांनी वाढवले. तिचे नाव मुखी. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिला स्वतःला पाच पिल्ले झाली. माणसाचा हात नेहमीच वाईट, असे आमचे म्हणणे नाही, हे ह्यावरून ध्यानात यावे. वाचवण्यासाठी पुढे झालेला हात वेगळा, आणि हौसेसाठी पुढे झालेला वेगळा. पहिल्याला आपले काम झाल्यावर मागे सरता आले पाहिजे.

एकदा आपण चित्त्याला इतके जवळ केले की तो उरलाच नाही. आता तो पुन्हा आला आहे. ह्या खेपेस त्याच्यावरचे प्रेम थोडे दुरून करायला आपण शिकावे, एवढीच आमची विनंती आहे.