निकालाच्या फलकावर नसलेली मुले

(अलिबाग तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेले भाषण)



दहावीचा निकाल लागला की आपल्या किनाऱ्यावरच्या गावोगावी एस. टी.च्या थांब्यापाशी फलक लागतात : ‘आमच्या हायस्कूलचा निकाल शंभर टक्के.’ खाली पहिल्या तीन मुलांची छायाचित्रे असतात, आणि बहुधा त्याहून मोठी संस्थाचालकांची. पहाटे आईबरोबर मासळीच्या पाट्या उतरवून मग शाळेत येणारी मुलगी प्रथम वर्गात उत्तीर्ण होते तेव्हा तिच्या कौतुकात मीही सामील असतो. माझा प्रश्न एवढाच आहे की, हे शंभर टक्के कोणाचे?

निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांतून काढतात. समजा, आठवीच्या पटावर चाळीस नावे होती आणि दहावीला अठ्ठावीस मुले बसली. अठ्ठावीसही उत्तीर्ण झाली तर फलकावर शंभर येतात. चाळिसांचा हिशेब मांडला तर सत्तर. मधली बारा मुले कोठे गेली, हे कोणत्याही फलकावर येत नाही. शिवाय कच्च्या मुलाला नववीतच थोपवायचे, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगायचे, म्हणजे शाळेचा निकाल ‘खराब’ होत नाही, ही युक्ती शिक्षण क्षेत्रातल्या कोणालाही नवी नाही.

आणि उत्तीर्णांची टक्केवारी तरी ज्ञानाची मोजणी आहे काय? राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता, २०१९ साली तो ७७.१० वर आला आणि २०२० साली ९५.३० वर गेला. दोन वर्षांत महाराष्ट्रातली मुले आधी मंद आणि मग कुशाग्र झाली नव्हती. शाळेच्या हातातले अंतर्गत गुण २०१९ साली काढले गेले आणि पुढच्या वर्षी परत दिले गेले, एवढेच घडले. २०२१ साली तर करोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला! त्याच काळात आपल्या किनाऱ्यावर ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने शाळांची छपरे नेली होती, श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या होत्या, आणि ज्या घरात मोबाइल नव्हता त्या घरातली शाळा बंदच होती.

कोकण विभाग राज्यात पहिला, हेही आपण दरवर्षी अभिमानाने वाचतो. २०२५ साली त्याचा निकाल ९८.८२ टक्के लागला. परंतु परीक्षा मंडळाचा कोकण विभाग म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रायगड मुंबई विभागात मोडतो. त्यामुळे मुरुड-म्हसळ्याच्या खाडीकाठचे चिमुकले हायस्कूल महानगराच्या सरासरीत बुडून जाते, आणि त्याची स्थिती बरी की वाईट हे आकड्यांवरून कळतच नाही.

आता बाकांवर कोण बसले आहे ते पाहू. चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे खोतांची जमीन कसली नाही. पुढे खोती गेली, कूळकायदा आला, आणि त्या कुळांची मुले हायस्कूलच्या दारात आली. त्यांच्या नातवंडांपैकी ज्यांना परवडते ती आज बसने इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात, नाहीतर मुंबई-पनवेलला राहतात. श्रीवर्धन-म्हसळ्याकडे ज्या घरचा पुरुष आखातात आहे, तेथेही हीच ओढ आहे. गावच्या हायस्कूलमध्ये उरतात ती खलाशाची, शेतमजुराची, बौद्धवाडीतली, आदिवासीवाडीतली, आणि मुंबईच्या धनिकांनी बांधलेल्या बंगल्यांची राखण करणाऱ्या परप्रांतीय माळ्याची मुले. शाळा तीच आहे, पण तिचा वर्ग बदलला आहे. वर्ग हा शब्द मी दोन्ही अर्थांनी वापरतो.

यातले कातकऱ्याचे मूल सर्वांत आधी गळते. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी ही एक. तिच्या बहुतेकांच्या नावावर कुळाची नोंदही नव्हती, म्हणून कूळकायद्याने तिला काही दिले नाही. पावसाळ्यात हाताला काम नसते तेव्हा मालकाकडून उचल घेतली जाते. दिवाळी झाली की सारे कुटुंब वीटभट्टीवर, नाहीतर कोळसा पाडायला निघते आणि मिरगाच्या आधी परतते. शाळेचे दुसरे सत्र दिवाळीनंतर सुरू होते, दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. म्हणजे मालकाचे पंचांग आणि शाळेचे पंचांग एकमेकांवर आदळतात, आणि उचल फेडायची असल्यामुळे मालकाचे जिंकते. मुलगी असेल तर भट्टीवर धाकट्या भावंडाला सांभाळायला तीच लागते. कोळीवाड्यात हा पेच वेगळ्या महिन्यात येतो. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते, नारळी पौर्णिमा होते, आणि नववीतला दांडगा मुलगा खलाशी म्हणून होडीवर चढतो. होडीच्या मालकाचा मुलगा मात्र चढत नाही, तो अलिबागला शिकवणीला जातो.

अशा वेळी शासनाने काय करावे? महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले होते की, कर शेतकरी भरतो आणि शिक्षण वरच्या वर्गाला मिळते. आज शिक्षणाच्या हक्काचा कायदा आहे, २०१० पासून तो लागू आहे, पण तो आठवीपर्यंत. खिचडी आठवीपर्यंत, फुकट पुस्तकेही आठवीपर्यंत. मूल चौदा-पंधरा वर्षांचे होते, बाजारात त्याच्या अंगमेहनतीला मोल येते, नेमक्या त्याच जूनमध्ये शासन हात काढून घेते. मग त्या मुलाने नववीत का बसावे, याचे उत्तर त्याच्या बापाला आपण काय देणार?

त्यात १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाची भर पडली. वरच्या वर्गांचा पट वीसच्या खाली गेला तर तेथे शिक्षकाचे पदच नाही, असा त्याचा अर्थ होता. शिक्षक संघटना त्याविरुद्ध रस्त्यावर आल्या. आपल्यातले काहीजण हा पगारदारांचा लढा समजून घरी बसले, ती चूक होती. पट कमी का झाला? ज्यांना जाता आले ती गेली, आणि ज्यांना शिकायचे होते त्यांना भट्टीने नेले. जी उरली त्यांचा शिक्षक काढला, तर पुढची शाळा खाडीपलीकडे असते.

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या गावच्या हायस्कूलमध्ये जाऊन मुख्याध्यापकांकडे सभ्यपणे दोन संख्या मागाव्यात. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती नावे होती आणि यंदा दहावीला किती मुले बसली. दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेली वेगळी काढा, सतरा नंबरवाली वेगळी लिहा. उरलेल्या प्रत्येक मुलाची वाडी विचारा. शिक्षकांना आरोपी करू नका. पुष्कळदा हजेरी सोडून मुलाच्या मागे भट्टीपर्यंत गेलेला तोच एकटा माणूस असतो. हे काम जूनच्या पहिल्या पंधरवड्यात करावे लागेल, कारण तेव्हा कुटुंबे भट्टीवरून वाडीत परतलेली असतात, आणि पुढच्या हंगामाची उचल अजून कोणी घेतलेली नसते.